त्याले दाबते

सुगत नंदागवळी दोन उशा घेऊन झोपायचा. तरी सकाळी तो भिंतीला टेकून बसलेला सापडायचा.

उशाशी पाण्याची बाटली लागायची. उठला की तोंड कोरडंठाक असायचं.

शर्टाचं वरचं बटण त्याने कधी लावलं नाही. लग्नाच्या फोटोतही ते उघडंच आहे. मान जाड आणि आखूड. "फास बसल्यासारखं वाटते," म्हणायचा.

सकाळी डोक्याला दुपट्टा करकचून बांधायचा. चहा होईपर्यंत तसाच डोळे मिटून बसायचा.

रात्री लघवीला उठायचा. थोड्या वेळाने पुन्हा. प्रत्येक वेळी अंगणातला दिवा लावायचा आणि विझवायला विसरायचा.

जेवताना मधेच डोळे मिटायचे. घास हातातच राहायचा. डोळे उघडले की तो तोंडात जायचा, जणू मधे काही घडलंच नाही.

अलीकडे नावं विसरायचा. "ते आपलं... हे," म्हणत हाताने हवेत गोल काढायचा.

हे सगळं त्याच्या बायकोला, रत्नमालाला, तोंडपाठ होतं. ती बाटली भरून ठेवायची, दुपट्टा खुंटीला लावायची, अंगणातला दिवा विझवायची. एका घरात राहायचं तर एकमेकांच्या सवयी सांभाळायच्या, एवढं सरळ ती धरून चालली होती. या सवयी नव्हत्या. ते तिला फार उशिरा कळलं.

सुगत वरठीच्या कारखान्यात वायरमन होता. आपल्या गावाहून, करडीहून, रोज मोटारसायकलने जायचा. मागे त्याचा मित्र कैलाश बसायचा. सुट्टीच्या दिवशी गावातले पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या मोटारी, सगळं त्याच्याकडे यायचं. टेस्टर कानाला लावलेला असायचा, शिंप्याची पेन्सिल असते तसा.

दुसरं त्याचं काम विहारात. रविवारी वंदना झाली की तो बोलायला उभा राहायचा. अंधश्रद्धेवर बोलायचा. नुसता बोलायचा नाही, करून दाखवायचा. नारळाच्या शेंडीवर पाणी शिंपडायचा आणि नारळ भडकन पेटायचा. पोरं ओरडायची. मग तो शेंडीत लपवलेलं रसायन दाखवायचा आणि म्हणायचा, "पाहा. यात ना देव आहे, ना भूत आहे. शाळेतलं विज्ञान आहे." एखाद्याच्या घरी मांत्रिक आला असं कळलं, की सुगत हातात पक्कड घेऊन तिथे हजर. पक्कड कशाला, ते कोणी विचारत नसे.

आणि तो घोरायचा. करडीत ते लहान पोरालाही माहीत होतं. शेजारचा श्यामलाल ढिवर तलावावरून मासे घेऊन परतला की मुद्दाम अंगणात उभा राहून म्हणायचा, "वहिनी, राईस मिल केव्हा सुरू झाली आज?"

धान निघाल्यावर गावात नाटक बसलं होतं. सुगत पहिल्या ओळीत बसला आणि तिथेच झोपला. स्टेजवरचा जमीनदार मिशीला पीळ देत ओरडला, "कोण आहे रे तिकडे?" मागून सगळं पब्लिक एका सुरात बोललं, "सुगतभाऊ आहे!" जमीनदारालाच हसू फुटलं. गावभर कित्येक दिवस तेच चाललं.

घोरणारा माणूस गाढ झोपतो, असंच सगळे समजायचे. रत्नमालाही समजायची. तिला त्या आवाजाची सवय झाली होती. आवाज चालू असला की तिला झोप लागायची.

तिला जाग यायची ती आवाज थांबला की.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिला वाटलं, तो उठून बसला असेल. तिने हात लांब केला. तो तिथेच होता. उताणा. तोंड उघडं. आवाज नाही. तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं. बोटाला काही लागलं नाही. पोट मात्र हलत होतं. आतून काहीतरी बाहेर यायला धडपडत असल्यासारखं पोट वर-खाली होत होतं, आणि वारा येत नव्हता.

ती त्याला हलवणार, तेवढ्यात त्याच्या घशातून एक आवाज आला. बुडता माणूस पाण्याबाहेर तोंड काढतो, तसा. सगळं अंग उसळलं. मग घोरणं पुन्हा सुरू झालं.

तिचं अंग घामाने भिजलं होतं. त्याचंही.

सकाळी तिने विचारलं, "रातच्याले काय झालं होतं जी तुमाले?"

"काय झालं? मस्त झोपलो होतो."

"श्वास थांबला होता तुमचा."

"तू सपनात असशील."

त्या दिवसापासून ती ऐकायला लागली. घोरणं थांबायचं. ती मनात म्हणायची, घ्या. घ्या ना आता. घशातून तो आवाज यायचा. ती डोळे मिटायची. परत थांबायचं. एका रात्रीत हे किती वेळा होतं, ते तिने मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, या वेळी येणार नाही.

तिने ते सासूला सांगितलं. पंचफुलाबाई म्हातारी होती, पण कान खणखणीत होते. तिने मान डोलावली. तिलाही ते ऐकू यायचं, पलीकडच्या खोलीत.

"रत्ना," ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याले दाबते."

कोण दाबते, ते म्हणायचं नसतं. त्या बाजूला तसं बोलतातच. दाबते, एवढंच. छातीवर येऊन बसते, माणसाला हलता येत नाही, ओरडता येत नाही. नाव घेतलं तर ऐकते. म्हणून नाव घेत नाहीत. पंचफुलाबाईच्या बापाने घरातले देव वैनगंगेत सोडले, तेव्हा ती झोळीत होती. तिने आयुष्यात कोणत्या देवाला हात जोडला नव्हता. पण देव पाण्यात सोडता येतात. शब्द घरातच राहिला होता.

सुगत दारात उभा होता. त्याने ऐकलं.

"आई!"

"काय झालं रे बाबू?"

"हा शब्द या घरात पुन्हा नाई पाहिजे. मी गावभर सांगत फिरतो का भूत नसते म्हनून, अन् माझीच माय म्हनते दाबते! उद्या विहारात कोनी विचारलं तं काय तोंड दाखवू?"

"मंग तुले होते काय, ते तं सांग."

"काही नाई होत मले. माझं घोरणं श्यामलालच्या घरापर्यंत जाते. दाबलेला मानूस असा घोरते का?"

"पण रत्ना म्हनते..."

"रत्नाले सांग, रात्री झोपत जाय."

तो कधी आईवर ओरडत नसे. त्या दिवशी ओरडला. मग तसाच बाहेर निघून गेला. त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही.

खरी चूक तिथेच झाली. त्या गोष्टीला गावाकडे एकच शब्द होता. तो शब्द भुताचा होता म्हणून सुगतने बंद केला. दुसरा शब्द कोणाकडे नव्हता. आणि ज्याला शब्द नाही ते डॉक्टरला तरी काय म्हणून सांगायचं?

डॉक्टरकडे तो जात होता. रक्तदाब होता त्याला. एक गोळी चालू झाली, मग दुसरी. दाब उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, मीठ खाता का? कमी केलं. दारू? घेत नाही. झोप कशी आहे?

"झोप एक नंबर," सुगत म्हणाला.

रत्नमाला शेजारी बसली होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात श्यामलालच्या घरी तो विजेचा बोर्ड दुरुस्त करायला गेला. शेकडो वेळा केलेलं काम. तिथे ठिणगी उडाली, बोर्ड काळा पडला. श्यामलालची बायको, यशोदाबाई, धावत आली. सुगत भिंतीसमोर उभा होता, हातात दोन वायरी धरून.

"भाऊ, लागलं तं नाई?"

त्याने वायरी सोडल्या. घरी येऊन पायरीवर बसला. खूप वेळाने रत्नमालाला म्हणाला, "मले समजेच ना, कोनती वायर कोनती आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. लग्नापासून पहिल्यांदा तो तिला घाबरलेला दिसला.

मग बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, गोष्ट झाली. धान पिवळं पडलं होतं. दुपारची वेळ. ड्युटी संपवून सुगत आणि कैलाश परत येत होते. घरासमोर मोटारसायकल ढकलत आली, ती कैलाशने. दोघंही चिखलाने माखलेले. कैलाशच्या केसांत धानाच्या लोंब्या.

"वहिनी, तुमचा मानूस घ्या ताब्यात," तो हसत म्हणाला. "आज यानं मले फुकटात धानाच्या रोवण्याले नेलं. तेही कापनीच्या टाइमाले."

सुगत मोरीकडे गेला. तो आत गेल्यावर कैलाशचं हसू उतरलं.

"वहिनी, वळण डाव्या हाताले होतं. हा सरळ गेला. मी वरडलो, अबे सुगत! यानं ब्रेकच नाई मारला. सीधा बांधीत. उठून मलेच विचारते, काय झालं?"

"चक्कर आली असन."

"चक्कर नाई." कैलाशने मोरीकडे एक नजर टाकली. "मी मागं बसलो होतो. डोळे तं मले दिसत नव्हते त्याचे. पण पडायच्या आधी मले घोरणं ऐकू आलं वहिनी. गाडी चालू होती अन् तो घोरून राहिला होता."

रत्नमालाने चिखलाने भरलेल्या गाडीकडे पाहिलं.

"समोरून ट्रक असता तं..." कैलाश एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी सुगत जेवून घरापुढच्या छपरीत बाजेवर पडला. लगेच घोरायला लागला. रत्नमालाने मोबाईल घेतला. मुलगी भावना नागपूरला शिकत होती. तिच्याशी व्हिडिओवर बोलायला तेवढं ती शिकली होती. बाजेजवळ उभी राहून तिने बटण दाबलं.

दिवसाउजेडी तिने ते आधी कधी पाहिलं नव्हतं. अंधारात फक्त ऐकलं होतं. आता दिसत होतं. घोरणं वाढत वाढत गेलं आणि कोणीतरी दार लावावं तसं बंद झालं. छाती आत ओढली जात होती. पोट उसळत होतं. ओठांचा रंग बदलला. जांभळाच्या सालीसारखे झाले. गळ्याची शीर टरारून आली. तिने मोबाईल खाली केला नाही. शेवटी तो आवाज आला, बुडत्या माणसाचा. त्याचे डोळे अर्धे उघडले. त्यांत ओळख नव्हती. परत मिटले.

चहा दिल्यावर तिने मोबाईल त्याच्या हातात ठेवला.

त्याने पाहिलं. परत लावून पाहिलं. मोबाईल बाजेवर पालथा ठेवला.

"हे मी आहो?"

"रोज असंच होते. रातभर."

तो अंगणाकडे पाहत राहिला. तिला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही.

"रत्ना, मले माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्याच वेळा नाई. पण कधी कधी जाग येते. छातीवर कोनी तरी बसलेलं असते. मी हात हलवतो म्हनतो, हात हलत नाई. तुले हाक मारतो म्हनतो, तोंडातून आवाज नाई निघत. मंग सुटते. मी उठून अंगणात जातो. लघवीले नाई जात दर वेळी. उजेड लावून उभा राहतो."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"कोनाले सांगू? काय म्हनून सांगू? सुगत नंदागवळीले दाबते?" तो म्हणाला. "मले भेव वाटते रत्ना. रोज निजाच्या वक्ताले भेव वाटते. अन् भूत नाई हे मले माहीत आहे. मंग काय आहे ते?"

ती त्याच्याजवळ बसली. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा बसला होता, आणि तिला त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं भंडाऱ्याला गेले, छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी मोबाईलवरचं पाहिलं. गळा मापला. एक रात्र नागपूरला तपासणीसाठी पाठवलं. तिथे डोक्याला वायरी लावून, बोटाला चिमटा लावून त्याला झोपवलं. "आज मीच बोर्ड झालो," तो म्हणाला. भावना त्याला पाहायला आली होती. ती हसली. मग बाहेर जाऊन रडली.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर पसरला. एक रेघ होती. ती दरीसारखी खाली पडत होती, वर येत होती, परत पडत होती. सगळ्या कागदभर.

"हा तुमच्या रक्तातला ऑक्सिजन," त्या म्हणाल्या. "झोपलात की तुमचा गळा आतून मिटतो. जीभ मागे पडते, स्नायू ढिले होतात, वाट बंद होते. छाती ओढते, पण हवा येत नाही. ऑक्सिजन उतरत जातो. मेंदूला वाटतं, माणूस बुडतोय. मग तो सगळ्या शरीराला हाक मारतो. हृदय धावतं. रक्तवाहिन्या आवळतात. दाब चढतो. तुम्ही हिसका देऊन श्वास घेता आणि परत झोपता. परत तेच. तुम्हाला वाटतं तुम्ही झोपलात. तुमचं शरीर रात्रभर जिवासाठी पळत असतं."

"म्हनून दाब उतरत नाई?"

"म्हणून. सकाळी डोकं दुखतं?"

"दुखते," रत्नमाला म्हणाली. "दुपट्टा बांधते."

"रात्री लघवीला उठतात?"

"उठते."

"छातीत असा ओढा बसला की हृदयावर ताण येतो. मग ते मूत्रपिंडाला सांगतं, शरीरातलं पाणी बाहेर काढ. तोंड कोरडं पडतं? नावं विसरतात? बसल्या बसल्या झोपतात?"

रत्नमाला प्रत्येक वेळी हो म्हणत गेली. तिने इतकी वर्षं सांभाळलेली एकेक सवय बाई हातातून काढून घेत होत्या आणि तिच्या जागी आजार ठेवत होत्या. तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

"साखरही चढलीय," बाई म्हणाल्या. "हृदयाची भिंत जाड झालीय. ठोके मधे मधे चुकतात. तेच मला आवडलेलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं, त्यांच्या गोळ्या घ्यायच्या. आणि हे मशीन. नाकावर मुखवटा लावायचा. ते हवेच्या दाबाने गळा उघडा ठेवतं. यानं पुष्कळ सुधारतं. पण हे किती वर्षांपासून चाललंय ते मला माहीत नाही. झालेली सगळी झीज भरून निघेल, असं मी म्हणणार नाही. झोपताना रोज लावायचं. दुपारी डोळा लागणार असेल तरी लावायचं."

सुगत एकदम हसायला लागला. बाईंना कळेना.

"म्हणजे मॅडम, मले माझाच गळा दाबते!"

घरी येऊन तो आईसमोर बसला. "आई, तुझं बरोबर होतं. दाबते. पण बाहेरचा कोनी नाई. घरातलाच आहे." त्याने मानेवर हात ठेवला.

पंचफुलाबाईने त्याचा गळा बोटांनी चाचपला. लहानपणी ताप पाहायची तसा. "मंग याले कोन सांगन, दाबू नको म्हनून?"

"मशीन सांगन."

मशीन आलं. मुखवटा लावला की तो विमान चालवणाऱ्यासारखा दिसायचा. श्यामलालने अंगणातून हाळी दिली, "सुगतभाऊ, मिल बंद पडली का? आमाले झोप नाई येत ना बाप्पा!"

पहिल्या रात्री झोप आली नाही ती रत्नमालाला. घोरणं नव्हतं. घशातला आवाज नव्हता. नळीतून बारीक सूं असा आवाज येत होता, तेवढाच. तिला वाटलं, संपलं. ती पुन्हा पुन्हा त्याच्या पोटावर हात ठेवायची. पोट सावकाश वर जायचं, सावकाश खाली यायचं. हळूहळू तिचा हात तिथेच राहायला लागला. मग हाताचीही गरज राहिली नाही. आजवर शांतता म्हणजे धोका होता. आता शांतता म्हणजे तो बरा आहे. घरातल्या सगळ्यांनीच हा नवा अर्थ शिकून घेतला. पंचफुलाबाई सकाळी कौतुकाने सांगायची, "काल बाबू एकदम शांत निजला होता."

दुपट्टा खुंटीवरच राहायला लागला. नावं परत आली. एकदा तो जेवता जेवता म्हणाला, "रत्ना, मी एवढी वर्षं झोपलोच नव्हतो." विहारातही तो उभा राहिला. आधी नारळ पेटवला, मग मशीनचा मुखवटा वर करून दाखवला. "ज्याच्या घरी कोनी घोरता घोरता थांबत असन, त्यानं मले येऊन भेटावं," तो म्हणाला. "लाजू नका. मी लाजलो होतो." मागे बसलेल्या दोन बायका खाली पाहायला लागल्या.

उन्हाळा आला. वादळं सुरू झाली, आणि करडीत वादळ आलं की लाईन जाते. लाईन गेली की मशीन बंद. सुगत मुखवटा ओरबाडून उठायचा, घामाघूम. एवढ्या महिन्यांनी तो आवाज परत ऐकला तेव्हा रत्नमालाचा हात परत त्याच्या पोटावर गेला. आधी ती त्या भीतीत राहत होती. आता ती बाहेर येऊन परत आत ढकलली गेली होती.

"इन्व्हर्टर लावतो," सुगत म्हणाला. "बॅटरी समोरच्या खोलीत, अन् तिथून लाईन आत झोपायच्या खोलीत. माझं तं कामच आहे ते."

बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार होता. सुगतने सकाळी काम काढलं. रत्नमाला बायकांबरोबर विहार धुवायला गेली. निघताना तो स्टुलावर उभा होता, तोंडात स्क्रू धरून. "जेवणापर्यंत होते," तो तोंड न उघडता म्हणाला.

विहारात त्यांनी फरशी घासली, पडदे काढले. दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला. लाईन गेली.

रत्नमालाने वर पाहिलं. पंख्याची पाती हळूहळू फिरत उभी राहिली.

तो काम करून राहिला असन, ती मनाशी म्हणाली. लाईन नाई तं काम कसं करन? मंग बसला असन. जेवला असन. जेवून... तिने फडकं बादलीत टाकलं.

"अगं, राहिलं ना अजून," कोणीतरी म्हणालं.

ती चालायला लागली. मग पळायला लागली. वाटेत यशोदाबाई दारात उभी होती. "काहून वो पळून राहिली? पानी नाई येत आता." रत्नमाला पळतच राहिली.

छपरीत पंचफुलाबाई चिंचा फोडत बसली होती. तिच्या शेजारी बाजेवर सुगत उताणा पडला होता. म्हातारीने रत्नमालाला पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आताच निजला."

"मशीन?"

"लाईन कुठी आहे? म्हने, लाईन येईपर्यंत पडतो. आधी घोरला थोडा. मंग मशीन लावल्यावानी शांत झाला. पाह ना, कसा मस्त निजला."

रत्नमालाने त्याच्या पोटावर हात ठेवला.

श्यामलालने गाडी आणली. कैलाश मागे बसला, सुगतचं डोकं मांडीवर घेऊन. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना फार वेळ थांबावं लागलं नाही. हृदय थांबलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मूळचं ताणलेलं, ठोके चुकणारं हृदय. ते कधीही होऊ शकलं असतं. मशीन असतं तर वाचला असता का, ते त्यांना सांगता येणार नव्हतं. रत्नमालाने विचारलंही नाही.

पंचफुलाबाई मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. "मी बाजूलेच होती. मले वाटलं, निजला." सांगते आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहते. रत्नमाला आतून येऊन तिच्या पाठीवर हात ठेवते. तिला आता रात्री झोप लागत नाही. म्हातारीच्या श्वासावर कान ठेवून ती पडून असते.

समोरच्या खोलीत बॅटरी आहे. तिच्यावर इन्व्हर्टर आहे. तिथून वायरीची पांढरी पट्टी भिंतीवरून सरळ गेली आहे, दाराच्या चौकटीवरून वळली आहे. तिचे स्क्रू एका ओळीत बसले आहेत. शेवटचा अर्धाच आत गेला आहे. पुढे भिंतीला भोक पाडलेलं आहे. भोकाखाली विटेची लाल पूड पडली आहे; ती कोणी झाडली नाही. तांबडी आणि काळी वायर पट्टीतून तिथवर येऊन बाहेर लोंबते आहे. पलीकडे, आतल्या खोलीत, सॉकेटचा डबा भिंतीत बसवून झाला आहे, रिकामा. भोकातून वायर ओढायची तेवढी राहिली आहे.